हद्दीवरचा खांब

मी चौकातला सिमेंटचा खांब बोलतोय. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, गौसियाच्या दुकानासमोर मी उभा आहे. उभा म्हणजे तिरका. कमरेत तडा गेलाय आणि तारेने मला ओढून धरलंय. काही गोड सांगायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्मच ओढाताणीचा. लातूरजवळच्या कारखान्यात लोखंडी तारा दोन्हीकडून ताणल्या आणि तशाच ताणून धरून त्यांवर सिमेंट-खडी ओतली. तो ताण अजून माझ्या पोटात आहे. मग ट्रॅक्टरवर घालून इथे आणलं, पहारीने खड्डा खणला आणि दोर लावून मला उभं केलं. एकदा मोटारसायकल चोरली म्हणून एका माणसाला मला बांधून पट्ट्याने फोडलं. त्याचा दात माझ्या पायाशी पडला होता. दुसऱ्या दिवशी चोर वेगळाच निघाला. आधी मारायचं आणि मग विचारायचं, ही इथली रीत मी तेव्हाच शिकलो.

माझ्या डोक्यावर बोर्डाच्या विजेच्या तारा आहेत. वीज जाते, लई वेळा जाते, आणि लोक बोर्डाच्या नावाने बोटं मोडतात. पण तुझा भाऊ कुणाकडे कामाला आहे असं विचारून बोर्डाने कुणाच्या घरी अंधार केलेला मी पाहिला नाही.

पुढे नेट आलं. आमचं गाव खोलगट, मोबाइलचं नेट इथे गटांगळ्या खातं, म्हणून वायरीच्या नेटला भाव आला. बाजाराकडून माणिकप्पाची केबल आली आणि स्टँडकडून उमाशंकरची. दोन्ही काळ्याच. ओळखू यावी म्हणून माणिकप्पाची पोरं पिवळी चिंधी बांधायची, उमाशंकरची लाल. पहिल्या वर्षी दोघांनी बांबूला कोयते बांधून एकमेकांच्या केबली छाटल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाची दोन बोटं गेली. मग दोघं मालक हॉटेलात मटण खायला बसले आणि गाव वाटून घेतलं. बाजाराची बाजू माणिकप्पाची, स्टँडची बाजू उमाशंकरची. हद्द म्हणून मला धरलं. गिऱ्हाइकांना कुणी विचारलं नाही आणि मला तर कोण विचारणार?

गौसियाचं दुकान माझ्या समोरच, पण माणिकप्पाच्या हद्दीत. झेरॉक्स काढायची, लोकांचे अर्ज ऑनलाइन भरायचे, त्यावरच ती नवऱ्यामागे दोन मुली वाढवत होती. दाखला असो की परीक्षेचा अर्ज, सगळं गाव तिच्या पायरीवर. पण माणिकप्पाचं नेट सारखं मान टाकायचं. फोन केला की तो म्हणायचा, बघू. लोक वैतागायचे ते मात्र गौसियावर. शेवटी तिने धाकट्या भावाला, अजहरला सांगितलं. तो उमाशंकरकडे केबल जोडायचं काम करायचा. काचेच्या केसाएवढ्या तारा तो इतक्या हलक्या हाताने जोडायचा की मला स्पर्शही कळायचा नाही. उमाशंकर अशा संधीची वाटच बघत होता. लाल चिंधीची केबल माझ्यावरून हद्द ओलांडून गौसियाच्या दुकानात शिरली, तेव्हाच माझ्या पोटातला ताण वाढला.

माणिकप्पाने ती केबल लगेच तोडली नाही. त्याने पीक विम्याची शेवटची तारीख निवडली.

त्या दिवशी सकाळपासून पायरीवर, रस्त्यावर, माझ्या बुडाशी माणसंच माणसं. सगळ्यांचं एकच म्हणणं, आज अर्ज गेला नाही तर हंगाम उघडा पडला. दुपारी माणिकप्पाचा पुतण्या बसवराज जीप घेऊन आला. सोबत पोरं, हातात बांबू, बांबूला कोयता. एवढ्या लोकांदेखत त्याने लाल चिंधीची केबल खसकन छाटली आणि निघून गेला. गौसियाच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

अजहर शिडी घेऊन धावत आला. माझ्यावर चढायचं तर आधी वायरमनला सांगून लाइट बंद करायची, असा इथला शिरस्ता. त्यानेही तेच सांगितलं. पण दुकानातली बॅटरी मेलेली होती. लाइट गेली असती तर भरत आणलेले अर्ज गेले असते. रांगेत पुढे उभी असलेली जगदेवी म्हणाली, "लाइट घालवू नको बाबा, माझा अर्धा भरून झालाय." मागच्यांनी तिचीच री ओढली. गौसिया दारात उभी होती. तिने भावाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं आणि आत जाऊन पुन्हा पडद्यासमोर बसली.

अजहर चढला. तो तुटकी टोकं हातात घेतो न घेतो तोच जीप परत आली. बसवराजने शिडीवर पाय ठेवला.

"उतर. न्हाई तर उतरवतो."

"जोडून उतरतो," अजहर म्हणाला. त्याने खाली बघितलंही नाही.

बसवराजने शिडीला लाथ घातली.

माणूस पडताना मिळेल ते धरतो. अजहरच्या उजव्या हाताला दुकानात जाणारी विजेची वायर लागली, नेमकी जिथे ऊन खाऊन जोड उघडा पडला होता तिथे. त्याचा हात मिटला तो सुटेना. तो माझ्या अंगाला चिकटून थरथरत होता. कातडी जळाल्याचा वास मला आला. मला हात असते तर मी त्याला ढकललं असतं. अखेर वायरच तुटली आणि तो गटाराच्या दगडावर आदळला. गौसियाचा जो आवाज निघाला तो ऐकून बाजारातली कुत्रीसुद्धा पळाली.

मग माणसांचं भानच सुटलं. उमाशंकरची पोरं लोखंडी गज घेऊन आली. पळायला निघालेल्या बसवराजला जीपमधून खेचला, तोंड माझ्यावर आपटलं, एकदा नाही, लई वेळा. त्याच्या नाकाचं रक्त माझ्या सिमेंटमध्ये मुरलंय, पावसानेही गेलं नाही. कुणीतरी माणिकप्पाच्या केबलींचा झुबका त्याच्याच जीपला बांधला आणि गाडी दामटली. माझ्या कमरेत कडाड् झालं. वरच्या तारा एकमेकींवर आपटल्या, ठिणग्या उडाल्या आणि सगळ्या बाजाराची लाइट गेली. ज्या अर्जांसाठी लाइट चालू ठेवली होती, ते तर दुकानाची वायर तुटली तेव्हाच गेले होते.

अजहरचा उजवा हात लातूरला कोपराच्या वरून कापला.

चौकशी झाली. बसवराज आत गेला, जामिनावर बाहेर आला. बोर्डाचे लोक म्हणाले, खांब आमचा, केबल आमची नाही. केबल कुणाची, हे विचारायला माणसं यायच्या आत दोन्हीकडच्या पोरांनी सगळ्या चिंध्या ओरबाडून नेल्या होत्या. माझ्या अंगावर राहिल्या नुसत्या काळ्या केबली, सगळ्या बेवारस.

माझ्या पायाशी गाव जमलं. सुगत सर शाळेत शिकवतात, ते म्हणाले की नेट आता पाण्यासारखं, लाइटीसारखं झालंय, मग त्याला कायदाही तसाच हवा. मागेल त्याला द्यायचं, कुणाला नाकारायचं नाही, तोडेल त्याला शिक्षा. मागून कुणीतरी हसलं, म्हणजे आता नेटचंही लाइटीगत भारनियमन होणार म्हणा.

तोवर जगदेवी खाली मान घालून बसली होती. ती उठली.

"लाइट गेली तर शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी ठावं असतंय," ती म्हणाली. "त्या पोराचा हात गेला. सांगा, कुणाच्या दारात जाऊन बसू?"

सह्या झाल्या, निवेदन गेलं. उत्तराची वाट बघणं चालू आहे.

उत्तर यायच्या आधी माणिकप्पा आणि उमाशंकर पुन्हा त्याच हॉटेलात बसले. पुन्हा मटण. मी मोडका, म्हणून हद्द पुढच्या खांबावर नेली. आणखी एक ठरलं, त्यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं. गौसियाच्या दुकानाला लाइन द्यायची नाही, दोघांनीही नाही. सगळी कटकट तिच्यापासून सुरू झाली म्हणे.

आता लोक अर्ज घेऊन तालुक्याला जातात. गौसिया फक्त झेरॉक्स काढते. मोठ्या मुलीने शाळा सोडून शिवणकाम धरलंय. अजहर दिवसभर पायरीवर बसतो आणि माझ्याकडे बघतो. माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याने जोडायला घेतलेली केबल तशीच लोंबतेय. वारा सुटला की तिचं टोक दुकानाच्या पत्र्यावर टकटक करतं आणि गौसिया दर वेळी मान वर करून बघते.

मला काढणार आहेत. नवा खांब येईल, त्याला यातलं काही ठाऊक नसेल. मला दुरुस्ती नको, रंग नको. एवढंच करा, या केबलीचा मालक कोण ते एकदा ठरवा. सरकार असेल तर सरकारने सांगावं, नसेल तर कोण ते सांगावं. आणि जो कुणी असेल त्याला इथे पाठवा. पत्ता सोपा आहे. तिरका खांब, समोर पायरी, पायरीवर अजहर बसलाय.