ड्रमापर्यंत

लंकाबाईनं श्वास कोंडून डोकं पाण्यात घातलं, डावा हात पुढं टाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि सातव्या-आठव्या हाताला ती कालच्यासारखीच उजवीकडं वळून लव्हाळ्यात शिरली. समोर खोल पाण्यावर तरंगणारा निळा ड्रम होता तिथंच होता. ती गुडघाभर चिखलात उभी राहिली, नाक शिंकरलं, केसात अडकलेली काडी ओढून काढली आणि काठाकडं पाहिलं.

"ध्यान कुठंय तुझं?" काठावरच्या खडकावरून गेणभाऊ ओरडला. "ड्रमाकडं बग म्हनलं व्हतं न्हवं?"

"बगतच व्हते की."

"मग लव्हाळ्यात काय पावनी म्हनून गेलीस?"

ती चिखल तुडवत काठाकाठानं परत आली आणि खडकाशेजारी थंडीनं कुडकुडत उभी राहिली. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट आणि लेकीची सलवार होती. पहिल्या दिवशी या अवताराला धुणं धुणाऱ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. आता त्यांनाही सवय झाली होती, आणि हसायला रोज रोज वेळ कोणाला आहे?

आजचा एकविसावा दिवस. येत्या सोमवारी मच्छीमार सोसायटीची माणसं परीक्षा घ्यायला येणार होती. धरणाच्या या मागच्या अंगाला वाडीतली बहुतेक घरं मासे धरून जगतात. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधायची, तिच्यावर बसून हातांनी पाणी मारत आत जायचं, संध्याकाळी जाळं टाकायचं आणि उजाडता काढायचं. ट्यूबवरून माणूस पडतंच कधीतरी. म्हणून सोसायटीनं नियम केला होता की ज्याच्या नावावर परवाना, त्यानं काठापासून ड्रमापर्यंत पोहत जाऊन, ड्रमाला हात लावून परत यायचं. न जमलं तर परवाना यादीतल्या पुढच्या माणसाला. यादी मोठी होती.

गेणभाऊ हे अंतर पूर्वी विडी विझू न देता पोहून यायचा, असं वाडीत अजून सांगतात. पण चैतात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पडली. जुन्नरच्या दवाखान्यात बारा दिवस काढून तो घरी आला तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता आणि पाय फरफटत होता. पावसाळ्यात काठी आली, चालणं आलं, आणि दिवाळीपासून हातही पार डोक्यावर जायला लागला, असं तो भेटेल त्याला सांगायचा. सोसायटीच्या चिटणीसालाही त्यानं तेच सांगितलं. परवाना यंदा बायकोच्या नावावर करा, तिनं नुसतं पोहून दाखवायचं, होळीनंतर पाण्यात मीच उतरणार. चिटणीस बरं म्हणाला. माणूस भला होता.

राहिली ती लंकाबाई. ती घाटघरची. पाऊस तिच्या माहेराएवढा कुठं पडत नाही, पण तो पडतो आणि कड्यावरून निघून जातो. पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, घोट्याएवढं, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला पायाखाली तळ नसलेल्या पाण्यात उतरायचं होतं, आणि तेही नवऱ्याच्या तोंडी शिकवणीवर. कारण गेणभाऊला पाण्यात येता येत नव्हतं.

पहिला आठवडा तिनं पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून काढला. आठव्या दिवशी गेणभाऊनं कॅन सोडायला लावला. ती चार हात गेली आणि बुडायला लागली. डोकं वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. गेणभाऊ खडकावरून उठला, धावला, आणि दुसऱ्याच पावलाला पालथा पडला. तोंड वाळूत. अख्ख्या वाडीला पोहायला शिकवलेला माणूस, आणि त्याची बायको त्याच्यासमोर दोन हातांवर गटांगळ्या खात होती आणि त्याला उठून बसताही येत नव्हतं. त्याची चुलती साळुबाई रोज तिथंच धुणं धुवायची, तिनं पिळायला घेतलेलं लुगडं फेकलं म्हणून लंकाबाई हाताला लागली.

त्या दिवशी घरी जाताना त्यानं तिला सांगितलं की बास झालं, जाऊ दे तो परवाना. दुसऱ्या दिवशी ऊन पाण्यावर येताच तिनं शर्ट-सलवार अंगावर चढवली, त्याची काठी त्याच्या हातात दिली आणि दारात उभी राहिली.

एवढी जिद्द हिच्यात आली कुठून, हे त्याला कळेना. घरी ती सहज कंटाळणारी बाई. नाचणी निवडायला बसली तरी अर्ध्यात उठून शेजारी जायची. इथं मात्र रोज नाकातोंडात पाणी, रोज लव्हाळं, रोज त्याच्या शिव्या, तरी ती एक दिवस चुकली नव्हती. पाण्यात उतरण्याआधी तो तिला हात मारून दाखवायचा. पाण्याकडं तोंड करून तिच्यापुढं उभा राहायचा, काठी खडकाला टेकवायचा आणि हवेत डावा, उजवा, डावा, उजवा असे दहा वेळा हात टाकायचा. कानाला घासून पार वर न्यायचा आणि मग सोडायचा, असं तो बजावायचा. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम त्यानं घरात एक दिवसही धड केला नव्हता. इथं दहाला तो अकरावा हात टाकायचा. लंकाबाई मागं उभी राहून टक लावून बघायची. एवढं लक्ष तिनं लग्नातही त्याच्याकडं दिलं नसेल.

आणि तरीही ती उजवीकडंच जायची.

त्यानं सगळं करून पाहिलं. डावीकडून वारा ढकलत असेल म्हणून जागा बदलली. पाय वाकडे मारते म्हणून पायांवर ओरडला. शेवटी त्यानं ठरवून टाकलं की हिचं मनच थाऱ्यावर नाही. पाण्यात मन हललं की माणूस हलतं, हे त्याचं जुनं मत होतं आणि ते त्यानं दिवसातून चारदा ऐकवलं. लंकाबाई मान हलवायची.

शुक्रवारी जया आली. ही त्यांची एकुलती एक लेक, कळंबला मेडिकलच्या दुकानात कामाला. येताना तिनं आईला रबरी टोपी आणली आणि मोबाईलवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ. रोज छोटं उद्दिष्ट ठेवायचं, वहीत लिहायचं, थकवा आला की आपण का सुरू केलं ते आठवायचं, असं एक गोरीपान बाई हिंदीत सांगत होती. तिच्या मागं फरशी घातलेलं स्वच्छ निळं पाणी होतं. लंकाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की या बाईच्या पाण्याला तळ किती खोल आहे. जया हसली. कंबरेएवढा असेल, म्हणाली. मग काय, असं म्हणून लंकाबाईनं मोबाईल परत दिला. टोपी मात्र तिला आवडली.

जयानं दुसरी युक्ती काढली. खेळाडूंचं चित्रीकरण करून त्यांना त्यांच्या चुका दाखवतात म्हणे. शनिवारी ती काठाच्या चढावर जाऊन बसली आणि आई-बाप दोघांना पडद्यावर घेऊन तिनं सगळं टिपलं. बापानं दहा हात दाखवले, आई पाण्यात उतरली, लव्हाळ्यात गेली, बाप ओरडला. रोजचंच.

दुपारी जेवणं झाल्यावर जयानं ओट्यावर बापाच्या हातात मोबाईल दिला. लंकाबाई आत भांडी घासत होती.

पडद्यावर एक म्हातारा माणूस पाठमोरा उभा होता. आपण एवढे वाळलोय हे गेणभाऊला पहिल्यांदाच दिसलं. त्या माणसाचा डावा हात सरळ वर गेला आणि खाली आला. मग उजवा उचलला. तो कोपरात वाकला, खांद्यापर्यंत आला, तिथं थरथरला, आणि तळवा कानापाशी पोचायच्या आत खाली पडला. पुन्हा डावा, सरळ. पुन्हा उजवा, वाकडा, खांद्यापर्यंत. आपला हात वर गेला की गेणभाऊला आत, खांद्याच्या मुळाशी, तो पार आभाळाला लागल्यासारखं वाटायचं. पडद्यावर आभाळ लांब होतं.

मग लंकाबाई पाण्यात उतरली. डावा हात सरळ वर, पाण्यात लांब. उजवा कोपरात वाकलेला, खांद्यापर्यंत, आणि तळवा कानापाशी पोचायच्या आत पाण्यावर थापटून खाली. डावा लांब, उजवा आखूड. हुबेहूब. त्यामुळं ती उजवीकडं वळत गेली.

त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. जयानं लावलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

"आईचा उजवा हात बघितला का आबा?" जया म्हणाली. "अर्धाच टाकते. मी सांगू का तिला?"

"नगं," गेणभाऊ म्हणाला. "मी सांगतो."

आत भांड्यांचा आवाज चालू होता. आपण दुसऱ्या कोणाला कसे दिसतो हे त्यानं आठ महिन्यांत कोणालाच विचारलं नव्हतं, आणि कोणी आपणहून सांगितलंही नव्हतं. चिटणीस लगेच 'बरं' कशामुळं म्हणाला होता तेही त्याला आता कळलं. होळी, जाळं, ट्यूब, सगळं त्याच्या मनातच होतं. बाहेर कुठंच नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत ओट्यावरून उठला नाही.

रविवारी जया सकाळच्या एसटीनं गेली. ऊन पाण्यावर आलं तशी दोघं काठावर आली. लंकाबाईनं टोपी घातली, बाह्या वर सारल्या आणि तो दाखवेल म्हणून रोजच्या जागी उभी राहिली. गेणभाऊ खडकापर्यंत गेला आणि पाण्याकडं पाठ करून, डोंगराकडं तोंड करून खाली बसला.

"अवो, दावा की."

"आज न्हाई दावायचं."

"का? दुखतंय का?"

"न्हाई." त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "तुला दोन हात हायेत. दोनी मार."

मागं साळुबाईचं धुणं धोपटणं थांबलं.

"तुला ठावं व्हतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"माझा हात कुठवर जातो ते."

लंकाबाईनं टोपीखाली सुटलेले केस आत खोचले. मग काढून पुन्हा खोचले.

"तुमी म्हनायचा पार वर जातोय," ती म्हणाली. "मग त्याच्या वर मी कसा न्यायचा?"

गेणभाऊला आधी राग आला, कोणावर ते कळेना. मग लाज वाटली. इतके दिवस तो हिला ध्यान नाही म्हणून बोल लावत होता. हिचं ध्यान तर एवढं होतं की तिनं त्याच्या हाताची थरथरसुद्धा सोडली नव्हती. सोमवार उद्यावर आला होता.

"जा," तो म्हणाला. "आन् माझ्याकडं बगू नगंस."

ती पाण्यात शिरल्याचा आवाज आला. मग हात सुरू झाले. एक लांब, एक थापटल्यासारखा. एक लांब, एक थापट. हा आवाज रोज कानावर पडत होता आणि त्याला कधी ऐकू आला नव्हता. मग तो बंद झाला.

गेणभाऊनं काठी घट्ट धरली. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्याच्या हातून काही होणार नव्हतं.

"उभी ऱ्हायलीय," साळुबाई हळूच म्हणाली. "छातीएवढ्या पान्यात. तुझ्याकडं बगतीय."

"बगू दे."

डोंगराच्या पायथ्याला कुणाच्या तरी रचून ठेवलेल्या भाताच्या उडवीवर कावळे बसले होते. त्यानं कावळ्यांकडं पाहिलं. तो वळला असता तर ती आली असती परत, हे त्याला नक्की ठाऊक होतं. काठावर येऊन उभी राहिली असती आणि म्हणाली असती, दावा.

पुन्हा हात सुरू झाले. एक लांब. मग जरा थांबून दुसरा, तोही लांब. मग दोन्ही सारखे, एकामागून एक, लांब लांब जाणारे.

"सरळ चाललीय रं गेणू," साळुबाई म्हणाली.

आवाज बारीक होत गेला. मग ऐकू येईनासा झाला. साळुबाई पाण्यात दोन पावलं आत गेल्याचं त्याला कळलं. मग लांबून रिकाम्या ड्रमावर हाताची थाप पडली.

"अवो," लंकाबाईनं हाक मारली. दम लागल्यानं तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "बगा की. अवो, बगा की इकडं."

गेले तीन आठवडे तो एवढंच बघायला रोज येऊन बसत होता. वळून बघावंसं त्याला फार वाटलं. पण तिला अजून परत यायचं होतं, आणि येताना तिचं तोंड त्याच्याकडं असणार होतं; तो वळला तर तिची नजर पुन्हा त्याच्या उजव्या हातावर.

तो डोंगराकडं बघत बसून राहिला.