तळ्याच्या गाळात रुतलेला बुलडोझर

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा माझं चालणं थांबलं. ते पुन्हा सुरू झालंच नाही. मी बुलडोझर. कवठे महांकाळच्या बाजूला एका गावतळ्यात अर्धा गाडला गेलोय. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात मला ब्रह्मदेशात नेलं. तिथं मी रस्ते केले. पाणी मला नवं नव्हतं. खाली खडक किंवा घट्ट वाळू असली, तर चाकांभोवतीचे माझे लोखंडी पट्टे बुडेपर्यंत पाण्यातूनही मी जायचो. पण खोल चिखल आला की माणसं आधी झाडांचे ओंडके आडवे टाकायची, मगच मला पुढं घ्यायची. लढाई संपल्यावर मला विकलं, आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मी इथं गाळ काढायला आलो.

माझा चालक आकाराम, पलटणीतून परतलेला. त्याची बायको बनुबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि तान्ह्या लेकीला माझ्या सावलीत निजवायची. माझं लोखंड फार तापलंय का, ते आधी हात लावून बघायची. तेवढाच मायेचा हात मला मिळाला. गाव मला लोखंडी रेडा म्हणायचं.

कडेचा वाळलेला गाळ मी भराभर ढकलला. मधे मात्र वर भेगाळलेली पापडी आणि खाली नुसतं लोणी. त्या सकाळी आकारामनं बांबू खुपसून बघितला, तर तळ लागेना.

"मामा, मधी न्हाई जायाचं. कडंकडंनं काढू," तो काम बघायला आलेल्या गावच्या कारभारी आप्पासोंना म्हणाला.

"आरं, आमची म्हसरं रोज जात्यात मधी. तुझा रेडा भितोय व्हय?"

"म्हसरू पाय उपसून निघतंय. ह्यो पोटावर बसला की उठायचा न्हाई."

"मग पलटणीत काय भाकऱ्या भाजत हुतास रं?"

सगळे हसले. आकारामचे कान लाल झाले. त्यानं मला मधे घातलं.

पापडी फुटली. पट्टे जागच्या जागी फिरायला लागले, आणि फिरतील तसतसा खाली खड्डाच होत गेला. पोट गाळाला टेकलं. बैलजोड्या जुंपल्या, तर साखळी तुटली. पुढं पावसात तळं भरलं, इंजिनात पाणी गेलं. आकाराम दुसऱ्या कामावर गेला. जाताना बनुबाईनं बांधावरून एकदा वळून बघितलं. मग नुसते बगळे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी गुडघाभर राहिलं. काठावर धुणं धुणाऱ्या साळूबाईची लहानगी भामा माझ्यावर चढायला आली. पाणी उथळ, भीती कसली? माझ्या शेजारी तिनं पाय टाकला, आणि ती कमरेपर्यंत आत गेली. मी इतका जवळ, पण मला हात कुठले?

"आये!"

साळूबाई धुणं टाकून धावली. "हलू नगंस गं! ह्ये धर, घट्ट धर!" तिनं ओलं लुगडं फेकलं. भामानं ते धरलं, म्हणून वाचली.

"आसरांनी वढली पोरीला," बायका म्हणाल्या. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. काठावर त्यांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. बायकांनी तिथं दहीभात ठेवला, हिरव्या बांगड्या वाहिल्या. साळूबाईनं लेकीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. "आता भ्या न्हाई," असं सगळ्यांना वाटलं. आणि पोरं परत माझ्याकडं यायला लागली.

पोरांचा आवाज आला की मला किती बरं वाटतं, काय सांगू! आणि लगेच भीती वाटते. पोरीला ओढलं ते माझ्या पट्ट्यांनी उकरलेल्या खड्ड्यानं. तो अजून माझ्या दोन्ही अंगांना तसाच आहे, पाण्याखाली दिसत नाही एवढंच.

आयांनो, आसरांना दहीभात जरूर दाखवा. पण पाणी उतरलं की पोरांना माझ्याजवळ येऊ देऊ नका. मी राहीन एकटा. विहिरीवर, बाजारात, माहेरी, जाल तिथं एवढं सांगा, की तळ्यातल्या यंत्राजवळ पायाला तळ लागत नाही.