माळणीच्या आख्यानातली पेटी

या, जवळ सरा. त्या खांबाआड कशाला अंग चोरून बसता? इथे सतरंजीवर जागा आहे. गुडघे धरले असतील तर खुशाल पाय पसरा. ऐकणाऱ्याच्या पायांकडे देव बघत नाही, कानांकडे बघतो. आज एक कथा सांगेन म्हणतो. ती राजाची नाही, ऋषीची नाही. एका पेटीवाल्याची आहे, त्याच्या बायकोची आहे, आणि ओठांवर नाम ठेवून कानांत बोटं घालणाऱ्या भक्तशिरोमणींच्या एका मेळ्याची आहे. त्या मेळ्याविषयी बोलताना माझी जीभ कडू होईल. होऊ दे. उदबत्तीचासुद्धा धूर डोळ्यांत जातो कधीकधी.

मार्गशीर्षातली सकाळ होती. देवरुखच्या वरच्या आळीवर ती उतरत होती. दहिवराने ओलावलेल्या, हळदुल्या पावलांनी उतरत होती. सह्याद्रीच्या निळ्या स्कंधावरून धुक्याचं शुभ्र उपरणं अलगद ढळत होतं. सुपारीच्या शेंड्यांवर केशरकांती ऊन टेकलं होतं, आणि त्या उन्हाची एक तिरीप, सुवर्णशलाकेसारखी सरळ, खिडकीतून आत येऊन एका जुन्या संगणकाच्या पडद्यावर थरथरत होती.

पडद्यासमोर सुमतीबाई केळुसकर बसल्या होत्या. वय पंच्याहत्तर. उजव्या हाताची तर्जनी तेवढी उचललेली. तांदळातला खडा हेरावा तसं एकेक अक्षर हेरणारी. साडेनऊपासून त्या एक निरोप लिहीत होत्या. बाराच्या ठोक्याला सगळं मिटणार होतं.

काय मिटणार होतं? सांगतो.

जनार्दनबुवा कोळथरकर नावाचे एक कीर्तनकार होऊन गेले. त्यांचा आवाज म्हणजे तांब्याच्या घागरीत पडणारी पाण्याची धार. आधी गंभीर, मग भरत भरत जाणारी, मग काठोकाठ. बुवा गेल्यावर त्यांच्या चाहत्यांनी इंटरनेटवर एक कट्टा मांडला. नाव ठेवलं ‘श्रवणसुख’. घराघरांतल्या कॅसेटी बाहेर निघाल्या, आख्यानं चढवली गेली, गावोगावचे, देशोदेशीचे कान एका सतरंजीवर आले. पहिली वर्षं, खोटं कशाला बोलू, अमृताची होती. कोणी एक ओळ टाकावी, दुसऱ्यानं ती उचलावी, तिसऱ्यानं डोळे पुसावेत. अठरा वर्षं कट्टा चालला. आता ज्या कंपनीच्या जागेत तो होता, ती कंपनी ती जागाच बंद करत होती. शनिवारी. भर दुपारी बाराला.

पण कट्टा काय त्या शनिवारी मेला? छे! त्याचा प्राण कधीच गेला होता. राहिली होती ती देहाची सजावट.

एक होते ‘नादब्रह्म’, एक होते ‘स्वरविभोर’. आईवडिलांनी ठेवलेली नावं बरी होती, पण ती या मंडळींना अपुरी पडली. बुवांनी मालकंस गायला की चंद्रकंस, यावर या दोघांनी सतरा दिवस रण माजवलं, आणि बुवा गाऊन काय सांगत होते ते अठराव्या दिवशीही एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. शालप्रिय, श्रीफलप्रिय, स्वनामप्रिय! देवाकडे पाठ आणि मोबाइलकडे तोंड करून काढलेले कीर्तनातले फोटो टाकायचे, आणि खाली लिहायचे, ‘मी कुठे उरलोच नव्हतो.’ अहो, तुम्हीच उरला होता. देव तेवढा चौकटीबाहेर गेला होता.

या मुकुटाचे मणी म्हणजे सुरेंद्र ठोसर, कट्ट्याचे संचालक. सभासद व्हायचं तर यांचा अर्ज भरावा लागे. त्यात प्रश्न होता, ‘आपली श्रवणसाधना किती वर्षांची? दोनशे शब्दांत लिहा.’ ज्याला ते जमलं नाही तो बाहेरच राहायचा. ऐकायची मुभा होती, बोलायची नव्हती. पानाच्या तळाशी रोज बारीक अक्षरांत दिसे: सभासद इतके, पाहुणे इतके. अलीकडे पाहुण्यांच्या पुढे बहुधा एकच आकडा असायचा. एक.

ठोसरांचा आणखी एक नियम होता, आणि तो मात्र कीर्तनातूनच उचललेला. आरतीआधी कुणी उठायचं नाही. आरतीनंतर कुणी बोलायचं नाही. कट्ट्यावरच्या कुठल्याही चर्चेखाली ठोसरांनी ‘आरती झाली’ अशी ओळ लिहिली, की तिथे शब्दाला बंदी. वाद मिटवायला ही युक्ती चांगली होती. पण नियमाचा पहिला अर्धा भाग सगळे विसरले होते. वर्षानुवर्षं मनानं उठून गेलेली माणसं दुसरा अर्धा भाग प्राणपणाने पाळत होती.

सुमतीबाई कट्ट्यावर पत्रासारखं लिहीत. वर सप्रेम नमस्कार, खाली पूर्ण नाव, आळी, गाव, पिनकोड, घरचा फोन नंबर. त्यांचे यजमान पोस्टमन होते. पत्त्याशिवायचा कागद म्हणजे हरवलेलं लेकरू, असं ते म्हणायचे. तरुण मंडळी हसायची. ‘काकू, इथे पत्ता टाकायचा नसतो, टपालखर्च कोण देणार?’ काकूही हसायच्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पत्ता लिहायच्या.

यजमान दिवसभर टपाल वाटायचे आणि संध्याकाळी बुवांच्या मागे पेटीला बसायचे. तीस वर्षं बसले. आणि त्या तीस वर्षांतून ध्वनिरूपाने उरलं होतं फक्त पाऊण मिनिट.

ते पाऊण मिनिट माळणीच्या आख्यानात होतं. बुवांचं स्वतःचं रचलेलं आख्यान: एक म्हातारी माळण रानातून फुलं वेचून, दिवसभर माळ गुंफून देवळात येते, तोवर आरती होऊन गेलेली, कवाडं लागलेली. ‘दार बंद’ एवढे दोन शब्द बुवा म्हणाले आणि त्यांचा कंठ दाटला. पुढचा शब्द येईना. सभा निश्चल. आणि त्या रित्या, थरथरत्या, अथांग क्षणात एकटी पेटी बोलू लागली. न सांगता, न विचारता. कवाडावर डोकं टेकून कोणी हलकेच रडावं तशी ती पाऊण मिनिट वाजली. मग बुवांचा आवाज परत आला, आणि पेटी अदबीने मागे सरली.

त्याची एकुलती कॅसेट सुमतीबाईंनी रजिस्टर पोस्टाने ठोसरांना धाडली होती. ठोसरांनी आख्यान कट्ट्यावर चढवलं. कॅसेट घरबदलीत हरवली. खाली लिहिलं, ‘कीर्तन: ह.भ.प. जनार्दनबुवा. साथ: इतर.’ तीनदा सुमतीबाईंनी कळवलं, पेटीवाल्याचं नाव घाला. तीनदा ठोसर म्हणाले, ‘पाहतो.’

पुढे स्वरविभोर महाशयांना त्या पाऊण मिनिटात दोष दिसला. बुवा थांबतात, रसभंग होतो! त्यांनी तो तुकडा कापून आख्यान ‘शुद्ध’ केलं. ती शुद्ध प्रत घरोघरी गेली, डोक्यावर घेतली गेली. अश्रूच कापून काढला आणि डोळे स्वच्छ झाले म्हणून नाचले हे रसिक!

निरोपाच्या आठवड्यात कट्ट्याला महापूर आला. सहा-सहा वर्षं न फिरकलेले धावत आले, उंबऱ्यावर ऊर बडवू लागले. ‘माहेर तुटलं.’ ‘आता जगायचं कशासाठी?’ जगायचं कशासाठी ते त्यांना ठाऊक होतं. शुक्रवारीच मोबाइलवर त्यांचा नवा गट तयार झाला होता, आणि त्याचा प्रमुख कोण यावरून दोन तटही पडले होते. त्या आसवांच्या गर्दीत सुमतीबाईंनी विचारलं होतं, माळणीचं आख्यान कुणी उतरवून ठेवील का? पानावरचा आवाज लावायचा कसा एवढं त्यांना येत होतं. उतरवून घ्यायचं कसं ते येत नव्हतं. नादब्रह्मांनी उत्तर दिलं, ‘काकू, माळण सगळ्यांकडे आहे. शुद्ध केलेली!’ आणि पुढे दोन जोडलेले पिवळे हात. त्या हातांनी आणखी काही करायचं नसतं. जोडले की काम संपलं.

म्हणून शनिवारी साडेनऊपासून त्या तर्जनीचा हा खटाटोप.

अंत्य आरती बाराला पाच कमी असताना व्हायची होती. पण न्यूजर्सीचे एक सभासद आपल्याआधी आरती लिहितील, अठरा वर्षांच्या ग्रंथावर शेवटची सही दुसऱ्याचीच होईल, या धास्तीने ठोसरांना घाम फुटला. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःवरचा एक लांबलचक लेख टाकला, त्याखाली स्वतःचा फोटो टाकला, आणि त्याखाली लिहिलं, ‘आरती झाली.’

दहा सत्तावीसला सुमतीबाईंचा निरोप पडद्यावर उमटला.

‘सप्रेम नमस्कार. माळणीचे न कापलेले आख्यान कोणी उतरवून ठेवील काय? शुद्ध केलेले नको. त्यात ह्यांची पेटी नाही. कळावे, सुमती यशवंत केळुसकर.’ आणि खाली आळी, गाव, पिनकोड, फोन.

सभासद एकशे चव्वेचाळीस, पाहुणा एक. पानाच्या तळाशी आकडे लखलखत होते. सुमतीबाई सोडून एकशे त्रेचाळीस जणांनी वाचलं. एकशे त्रेचाळीस जण गप्प राहिले. आरती झाली होती ना! केवढी ही शिस्त, केवढी ही श्रद्धा, केवढं हे पाषाणपावित्र्य! म्हातारी माळ घेऊन पायरीवर उभी, आणि आत एकशे त्रेचाळीस पुजारी कवाडाला पाठ लावून, डोळे मिटून, माळणीच्याच आख्यानाची थोरवी आठवत बसलेले.

अकरा वाजले. ऊन पडद्यावरून सरकलं, टेबलावरून सरकलं, भिंतीवरच्या फोटोच्या काचेवर चढलं. साडेअकरा. सुमतीबाईंनी एकदा आख्यान लावलं, शेवटचं म्हणून. ‘दार बंद’ या शब्दांपाशी आल्यावर धीर झाला नाही, बंद केलं. पावणेबारा. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. नुसता हातात धरून ठेवला.

आणि बाराला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

“मावशी, राम राम. हिंगोलीहून मारोती वाबळे बोलायलोय. तुमी नाई वळखत मला.”

“कोण मारोती? कट्ट्यावरचे का?”

“कट्ट्यावरचा नव्हं, कट्ट्याखालचा. त्या अर्जात दोनशे शब्द लिवायचे व्हते. मी बसच्या आगारात मेकॅनिक हाय मावशी, मला नट-बोल्ट मोजाय सांगा. म्हनून भायेरच राह्यलो. ते पाहुना एक दिसतंय का खाली? तेच मी.”

सुमतीबाईंची नजर पानाच्या तळाशी गेली.

“तुमची माळण माझ्यापाशी हाय. न धुतलेली. आमच्याकडं समदंच न धुतलेलं असतंय बगा. नऊ वर्सं झाली उतरून ठिवली. गाडीखाली पडून ऐकतो. बुवा गप व्हतेत आन पेटी बोलती, तितं मी पाना खाली ठिवतो.”

“पेटी आहे?” सुमतीबाईंचा आवाज एवढासा झाला. “कापलेली नाही ना हो? नीट बघा.”

“बगायचं काय त्यात? ऐकाच.”

आणि मग, श्रोतेहो, ग्रीसने माखलेल्या एका हाताने कुठल्याशा मोबाइलचं बटण दाबलं, आणि गोदावरी ओलांडून, बालाघाट ओलांडून, सह्याद्रीची निळी भिंत ओलांडून तो स्वर आला. दूरचा, खरखरीत, धुळीतून चालत आलेल्या वारकऱ्यासारखा दमलेला, पण अखंड. ‘दार बंद,’ बुवा म्हणाले. थांबले. आणि पेटी वाजली.

पेटी वाजत होती तेव्हा बारा वाजले. समोरचा पडदा एकदम पांढरा झाला. ठोसरांचा लेख गेला, फोटो गेला, एकशे त्रेचाळीस गेले, मालकंस गेला, चंद्रकंस गेला. सुमतीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन कानाला गच्च, डोळे मिटलेले, आणि मांडीवरच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उघडत होती, मिटत होती. भाता हलवावा तशी.

पेटी थांबल्यावर मारोती म्हणाला, “माळण भरून मोबाइलचं कार्ड धाडतो पोस्टानं. पत्ता नगा सांगू, पाठ झालाय. एक इचारू का मावशी? बुवाचं नाव समद्या जगाला ठावं हाय. तुमच्या सहीत वाचलंय, पन तुमच्या तोंडून सांगा, ह्या पेटीवाल्याचं नाव काय वो? तितं निस्तं ‘इतर’ लिवलंय.”

पन्नास वर्षांच्या संसारात, आणि नंतरच्या अकरा वर्षांतही, सुमतीबाईंनी ते नाव कधी मुखाने उच्चारलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, ओठांवर आणलं नव्हतं. आधी आमचे हे, मग नुसते हे. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. काचेवर ऊन होतं, ऊन एवढं होतं की आतला चेहरा दिसत नव्हता, नुसता उजेड दिसत होता.

“यशवंत,” त्या म्हणाल्या. “यशवंत केळुसकर.”

त्याच वेळी, त्या नव्या गटावर, पहिला संदेश पडला. गुलाबाचं चित्र, आणि खाली ‘शुभ दुपार, माउली.’ एकशे बेचाळीस जणांनी हात जोडले.

त्यांना तिथेच सोडू. त्यांचे हात जोडलेले आहेत, ते कशालाही लागायचे नाहीत.

तुम्ही मात्र एवढं करा. केव्हातरी कुठल्याशा देवळात कीर्तन ऐकायला बसाल. बुवांचा कंठ दाटेल, शब्द अडेल, आणि त्या रित्या जागेत पेटी हलकेच पुढे येईल. तेव्हा बुवांकडे बघू नका. मान जरा कडेला वळवा. तिथे कोणी एक बसलेला असेल, ज्याचं नाव फलकावर नसेल. त्याला बघा, आणि मनातल्या मनात एकदा म्हणा, यशवंत केळुसकर. दार बंद असेल, माळ हातात असेल, सभा निश्चल असेल. आणि मागे एक हात भाता उघडत असेल, मिटत असेल. उघडत असेल. मिटत असेल.