मापासाठी शेजारी उभी

मंगळवारी दुपारी तीन वाजता गजानन उपासनींच्या बायकोभोवती चौकट आली.

हेमलताबाई खुर्चीत बसून पोहे निवडत होत्या. चौकट बारीक करड्या रेघेची, चारी बाजूंनी वीतभर मोकळी. वरच्या कडेला तिरक्या अक्षरांत ओळ होती: 'हा मजकूर कोशाविषयी आहे. प्रत काढताना वगळावा.' उपासनींनी ती वाचली. विरामचिन्हं बरोबर होती.

चौकटीचा हा साचा त्यांच्या ओळखीचाच होता. अकरा वर्षं ते नोकरी सांभाळून इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात फुकट संपादन करत होते. कोशाचा दंडक असा, की लेखात कोशाने स्वतःबद्दल बोलू नये. बोलायचंच झालं तर ते वाक्य या साच्यात घालावं; कुणी लेख उचलून दुसरीकडे नेला, की तेवढं आपोआप गळून पडतं. हा दंडक उपासनींनीच महिनाभर भांडून मंजूर करून घेतला होता.

आज पाच वाजता कोशाची प्रत निघायची होती. प्रत निघाली की आंबेसरी गाव घरं-माणसांसकट प्रतीत जायचं, आणि वगळलेलं मागे राहायचं. मार्चच्या प्रतीच्या वेळी ग्रंथपाल दळवी मागे राहिले, कारण वाचनालयाच्या लेखात त्यांची ओळख 'या कोशाचे नियमित वाचक' अशी दिलेली. त्यांची खुर्ची अजून आहे. खुर्ची कुणाची, हे उपासनींनाही पानाच्या जुन्या इतिहासातूनच कळलं होतं.

त्यांनी कॉम्प्युटर लावून गावच्या बारवेचा लेख उघडला. छायाचित्राखाली त्यांचीच ओळ होती: 'मापासाठी शेजारी उभ्या: प्रस्तुत संपादकाच्या पत्नी.' बारवेची खोली वाचकाला कळावी म्हणून त्यांनी बायकोला अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. आता ती ओळ साच्यात होती. कुणी घातली ते पाहिलं, तर त्यांनी स्वतःच. रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी एका दमात दोनशे पानांना साचे लावले होते, न वाचता, नुसतं 'होय' दाबत.

त्यांनी साचा काढला. मिनिटभरात कुणीतरी परत लावला आणि कारण नोंदवलं: नात्यातल्या व्यक्तीविषयी संपादन करू नये. हाही दंडक त्यांचाच.

हेमलताबाईंनी ताट खाली ठेवायला हात लांब केला, तो रेघेला अडला. चौकट चार बोटं आत आली होती.

उपासनींनी कोशाचा कारभार पाहणाऱ्या प्रचालक मगरताईंना फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विषय चर्चापानावर टाकायला सांगितला. सात दिवस मतं येतील, मग बघू म्हणाल्या.

"ताई, बायको आहे हो ती माझी."

"तसं तुम्ही म्हणता. त्रयस्थ संदर्भ आहे का?"

"लग्नाची पत्रिका आहे."

"ती घरच्यांनीच छापलेली असते, उपासनी. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

साडेचारला दूधवाला आला. त्याने रोजच्या एक लिटरऐवजी अर्धा लिटर ओतलं. उपासनींनी विचारलं, तर एकट्या माणसाला एवढं पुरे, म्हणाला. हेमलताबाई त्याच्या समोर तीन हातांवर बसल्या होत्या. रेघ आता त्यांच्या खांद्यांना टेकली होती.

"अकरा वर्षांत तुमच्या कोशात माझा एक उल्लेख," त्या म्हणाल्या, "आणि तोही वगळायचा."

पाचला सात मिनिटं कमी असताना उपासनींना उपाय सुचला. नवशिक्यांना ते स्वतःच तो शिकवत. वाक्यच असं फिरवायचं, की कोशाचा संबंध उरणार नाही. मग साच्याची गरज नाही आणि नात्याचीही अडचण नाही. त्यांनी टंकलं: 'मापासाठी शेजारी: एक स्त्री, उंची पाच फूट एक इंच.' 'प्रस्तुत संपादक' हे शब्दही ओळीतून गेले. बोट 'जतन करा'वर नेलं आणि तिथेच ठेवलं.

"असं लिहिलं तर तू प्रतीत जाशील," ते म्हणाले. "पण माझी कोण, ते कुठेच राहणार नाही."

रेघ हेमलताबाईंच्या गळ्याशी आली होती. आवाजही तिरका येत होता.

"एक स्त्रीच लिहा. निदान घराबाहेर तरी पडेन."

त्यांनी बटण दाबलं. हा बदल कुणी उलटवला नाही. कुणीतरी आभारही मानले.

चौकट गेली. खुर्चीतली बाई उठली, मांडीवरचा भुसा झटकला, दारातल्या चपलांमधून नेमक्या हेमलताबाईंच्या चपला घातल्या आणि "बरंय, येते," म्हणून पायऱ्या उतरली. उपासनी अनवाणीच मागे धावले. देवळावरून, शाळेवरून ती बारवेशी गेली आणि एक हात चिऱ्याला लावून ताठ उभी राहिली. आता ती सगळ्यांना दिसत होती. दूधवाल्याने सायकल थांबवली, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग तो बारवेत डोकावला.

"एकावर एक अशा सात बाया राहतील," तो म्हणाला.

पंचायतीच्या घड्याळात पाचचे ठोके सुरू झाले. उपासनी तिच्या समोर गेले आणि म्हणाले, "हेमा, घरी चल."

"जरा बाजूला होता का?" ती मान न हलवता म्हणाली. "तुमची सावली पडतेय."

उपासनी बाजूला झाले. पाचवा ठोका पडला. सावली तिथेच राहिली.