रॉकेलच्या वासाचे कपडे

हार्मच्या कपड्यांना रॉकेलचा वास यायचा आणि तो काही केल्या जायचा नाही. त्याची पाणबुडी जुन्या धाटणीची, रॉकेलच्या इंजिनावर चालणारी. पाण्यावरून जाताना तिच्यातून पांढऱ्या धुराचा असा लोट निघायचा की मैलभरावरून दिसावा. लपण्यासाठीच बांधलेल्या बोटीनं असा डांगोरा पिटत फिरावं, म्हणजे कमालच. इतकी वर्षं ती नवशिक्या पोरांना शिकवण्यापुरती होती. लढाई पेटली तशी तिलाही बाहेर काढलं. "म्हातारी खोकते, पण चालते," असं इंजिनावरचा हार्म म्हणायचा, आणि त्याची आई ताल्के हसून हसून डोळे पुसायची.

डिसेंबरात जर्मनीतल्या एम्डेन बंदरातून निघताना त्यानं मळक्या कपड्यांचं गाठोडं बायकोपुढे टाकलं. "वीब्के, येईपर्यंत धुऊन ठेव गं. नवं वर्ष तरी माणसासारखं काढू दे."

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ताल्केनं त्याचं ताट वाढून ठेवलं. सॉसेज, बटाटे, सगळं. "उशिरा यायची खोडच आहे मेल्याला," म्हणून ती हसली, दोन गाणीही म्हणाली. वीब्केला तेव्हा सासू फार आवडली होती.

ख्रिसमस ते सहा जानेवारीचा तीन राजांचा सण, एवढ्या दिवसांत त्या मुलखात कोणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही. घातले तर घरातलं माणूस जातं म्हणतात. वीब्केला हे का ठाऊक नव्हतं? पण सणाच्या तिसऱ्या दिवशी बंदरात कुजबुज झाली, एक बोट परत येतेय. तिला वाटलं, हार्मचीच. गाठोडं तसंच पडलेलं. नवऱ्यानं एक काम सांगितलं होतं, तेही झालं नाही! तिनं पाणी तापवलं, कपडे धुतले आणि अंगणात दोरी बांधली.

आली ती दुसरीच बोट.

त्यानंतर ताल्केनं सुनेच्या हातचा चहा सोडला. खडीसाखरेवर ओतलेला कडक चहा हा त्या घराचा जीव; पण म्हातारी उठून स्वतःचा वेगळा करून घ्यायची. शेजारणींनाही सांगून झालं. "दोरी बांधलीन् हिनं. माझ्या पोरासाठी." वीब्के ऐकून घ्यायची. नौदलाच्या कचेरीत विचारलं तर उत्तर एकच, अजून काही कळलेलं नाही. खरं सांगायचं तर रात्री तिलाही वाटायचं, आपल्याच हातांनी घात केला.

फेब्रुवारीत एनो भेटला. हार्मचा मित्र, दुसऱ्या बोटीवरचा. त्यानं तिला धक्क्यावर बाजूला घेतलं.

"वहिनी, बोलायची बंदी आहे. पण तुम्ही किती दिवस वाट बघणार? आम्ही मागेच होतो. हार्मच्या बोटीचा धूर दिसत होता. मग मोठा आवाज झाला आणि धूर थांबला. आम्ही शोधलं हो. तेल तरंगत होतं फक्त."

"कधी?"

"ख्रिसमसच्या आधी. नीट सांगायचं तर सणाच्या दोन दिवस आधी."

वीब्केच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. नवरा गेल्याचं कळत होतं आणि आपण सुटलो असं वाटत होतं. तिला स्वतःची किळस आली. तरी ती भराभर घरी गेली, कारण हे म्हातारीला आजच्या आज ऐकवायचं होतं.

ताल्के शेगडीपाशी बसली होती.

"आई, एनो भेटला. हार्मची बोट गेली. पाण्यातल्या सुरुंगावर की कशावर, त्यालाही माहीत नाही. पण ख्रिसमसच्या आधीच गेली. मी कपडे धुतले तेव्हा तो नव्हताच. ऐकलंत ना? नव्हताच तो."

ताल्के रडली नाही. हातातल्या चिमट्यानं निखारे उकरू लागली.

"म्हणजे मी ताट वाढलं तेव्हा…"

वीब्केला त्या संध्याकाळचं वाढून ठेवलेलं ताट आठवलं.

"मी हसले गं त्या संध्याकाळी. गाणी म्हटली. आणि तो तिकडे पाण्यात." तिनं सुनेकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "एनोला काय कळतंय? धूर काय, कुठल्याही बोटीचा असेल. तो नंतरच गेला, तू कपडे धुतलेस म्हणून. असंच म्हण. माझ्यासाठी एवढं कर."

वीब्केला राग यायला हवा होता. तिनं जवळ जाऊन म्हातारीच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"हो आई," ती म्हणाली. "मीच धुतले."