ओठांवरचं बोलणं

"आज सकाळची गोळी दिली नाहीत ना, मालनबाई?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. "छान. पापण्या नीट पडल्या पाहिजेत. मुलांना दिसायला हवं."

आमच्या ह्यांना, लवू परबांना, परळच्या त्या इस्पितळातल्या हॉलमध्ये मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. समोर पायऱ्यांवर शिकाऊ डॉक्टर. ह्यांच्या पापण्या पडलेल्या, तोंडातून लाळ गळत होती. ती पुसायला मी उठले, तर मला खाली बसवलं. "राहू द्या. तेही लक्षणच आहे." मला किळस आली. लाळेची नव्हे, त्या डॉक्टरची.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी हे दुखणं लागलं. सकाळी माणूस धडधाकट, संध्याकाळी डोळे मिटलेले, जीभ जड, बोलणं नाकातून. चाळीने निकाल लावून टाकला, लवू प्यायला लागला. ज्याने थेंबाला कधी बोट लावलं नाही, तो! पुढे मिलचं एक खातं चालू झालं, तेव्हा गेटवर माणसं कामाला घेणारा जॉबरही तेच म्हणाला, "पिऊन आलायस. चल, फूट."

नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, दोघांच्या सांध्यातच अडतो, हे ह्याच डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी त्यांच्या पाया पडले होते. गोळ्या फुकट मिळू लागल्या. अट एकच, मुलांची नवी तुकडी आली की येऊन बसायचं.

"आकडे मोजा," डॉक्टर म्हणाले. हे मोजू लागले. आवाज नाकात गेला, मग नुसती घरघर उरली.

"बघा, कुणीही दारुडाच म्हणेल की नाही?" हॉल खदखदून हसला.

मग दंडात इंजेक्शन टोचलं. थोड्या वेळाने पापण्या हळूहळू वर गेल्या. कितीतरी दिवसांनी भरदुपारी मला माझ्या नवऱ्याचे डोळे दिसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आता मोजा!"

ह्यांचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले.

"डोळ्यांवर परिणाम झाला, वाचेवर नाही. लिहून घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मला मात्र सगळं कळलं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून गिरणीत आम्ही ओठांवर बोलायचो. हे साळखात्यात कापड विणायचे, मी वाइंडिंगला सूत गुंडाळायचे. आमचं लग्नसुद्धा तसंच जमलं होतं.

हे म्हणत होते, "चल गो घराक. ह्येंचो वीट इलो माका."

मी उठले. पदराने त्यांचं तोंड पुसलं, हात धरला.

"अहो, गोळ्या हव्यात ना? मग बसा," डॉक्टर म्हणाले.

मी बसले नाही.

दाराशी हे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येतंव, डॉक्टर."

लालबागला जाताना हे मिलच्या गेटसमोर थांबले. त्यांना जॉबरला तोंड दाखवायचं होतं. पण जॉबर नव्हता. गेटला कुलूप होतं. तरीही हे ताठ उभे राहिले, डोळे टक्क उघडे ठेवून.

खूप वेळाने डावी पापणी उतरायला लागली, तशी मी म्हटलं, "चला आता."