अल्बर्टच्या चारित्र्याला एक पायरी बढती

मला कमिटीत घेतलं ते काय माझी अक्कल बघून नाही. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेचारशे माणसं, त्यात फौजेची पेन्शन खाणारा मी एकटा. बाकी सगळे फौजेचे व्हिडिओ फॉरवर्ड करणारे. मी मधू धुमाळ, आठवी नापास, अठरा वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो. आता इथं आखातात, अल कुसैसला शाळेची बस चालवतो. पोरं मला अंकल म्हणतात आणि सीटला च्युइंगम लावतात.

तर प्रकरण होतं अल्बर्ट तुस्कानोचं. वसईचा गडी, रास अल खोरला एका गोडाऊनवर सिक्युरिटी गार्ड. इथं येऊन बारा वर्षं झाली. त्याच्याआधी नऊ वर्षं फौजेत होता, बिगुलर. पण तो निवृत्त नाही झाला, त्याला काढला. फौजेत मोठी शिक्षा झाली की कागदावर लाल शाईनं नोंद होते. असे चार लाल शेरे झाले की फौज म्हणते, बाबा, तुझी गरज नाही, नीघ. वर डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा एक रकाना असतो. त्यात अल्बर्टच्या नावापुढं लिहिलं होतं, 'बॅड'.

आता बारा वर्षं हे पुस्तक त्यानं कपाटात कपड्यांखाली ठेवलं. बायकोला, कॉन्सेप्टाला, ठाऊक होतं. मुलीला नव्हतं. मुलगी मरिसा, सतरा वर्षांची, इथंच वाढलेली. तिला सांगितलेलं, डॅडनं राजीनामा दिला. आणि पोरगीनं काय ठरवावं? आर्मीत ऑफिसर व्हायचं! परीक्षा देते म्हणाली, मुलाखतीची फाईल करते म्हणाली, "डॅड, गिव्ह मी युवर डिस्चार्ज बुक, आय'ल स्कॅन इट." आज देतो, उद्या देतो करत अल्बर्टनं तीन महिने काढले आणि तिकडं मुंबईत फौजेच्या कोर्टात अर्ज टाकला, की माझा 'बॅड' बदला. वकील म्हणाला, इतकी वर्षं तिकडं कसा राहिलास, त्याचं तुमच्या लोकांचं एक पत्र आण. सोमवारी तारीख आहे.

म्हणून शनिवारी सकाळी हेमचंद्र साहेबांच्या हॉलमध्ये कमिटी बसली.

हेमचंद्र साहेब मंडळाचे अध्यक्ष, पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत एचआरचे मॅनेजर. माणूस वाईट नाही. फक्त त्याला झोपेतून उठवून विचारलं की नाव काय, तर तो आधी विचारेल, तुमची अपॉइंटमेंट आहे का? दुसऱ्या विभावरी मॅडम, बँकेत कम्प्लायन्सला. म्हणजे लोक नियम पाळतात का ते बघायचं आणि पाळत असले तरी संशय ठेवायचा. तिसरा मी. आम्ही तिघं सोफ्यावर. सोफा चार हजार दिरहमचा, म्हणजे नव्वद-ब्याण्णव हजार रुपये झाले, हे साहेबांनी बसायच्या आधीच सांगितलं, त्यामुळं मी टेकलोच नाही. अल्बर्ट समोर डायनिंगच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर दोन्ही हात.

"अल्बर्ट, रिलॅक्स," साहेब म्हणाले, "धिस इज नॉट अ ट्रायल. याच्याकडं अप्रेझलसारखं बघ."

आणि त्यांनी त्याच्या हातात खरोखरच अप्रेझलचा फॉर्म दिला. कंपनीचं नाव तेवढं पांढऱ्या शाईनं खोडलेलं. तुमच्या तीन स्ट्रेंग्थ लिहा, तीन वीकनेस लिहा, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता.

अल्बर्टनं दहा मिनिटं डोकं खाजवून लिहिलं. विभावरी मॅडमनी मोठ्यानं वाचलं. स्ट्रेंग्थ: वेळेवर येतो. ड्युटीवर झोपत नाही. बिगुल. वीकनेस: बिगुल.

"हे काय?" मॅडम.

"खरं तेच लिहिलं, मॅडम."

"अरे, पण वीकनेस अशी लिहायची असते की वाचणाऱ्याला ती स्ट्रेंग्थ वाटली पाहिजे."

"म्हणजे खोटं?"

"नाही रे, प्रेझेंटेशन."

मी चहात बघून हसलो. तेवढ्यात आतून साहेबांच्या बाईंनी हाक मारली, पाणी संपलं. साहेब म्हणाले, "अल्बर्ट, जरा ती पाण्याची बाटली लाव ना कूलरला. माझ्या पाठीचं माहितीये तुला." अल्बर्ट उठला, पाच गॅलनची बाटली खांद्यावर घेतली, एक थेंब न सांडता उलटी बसवली आणि परत येऊन आरोपीच्या खुर्चीत बसला. मंडळाच्या गणपतीत सात वर्षं गेटवर उभा असतो हा ख्रिश्चन माणूस, ड्युटी करून आल्यावर, पहिल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत. ते कुठल्या फॉर्मात लिहायचं, त्याला रकानाच नव्हता.

"मला एक जाणवतंय," विभावरी मॅडम म्हणाल्या, "रिमॉर्स दिसत नाहीये. पश्चात्ताप. अल्बर्ट, तुला वाईट वाटतं का जे केलं त्याचं?"

"बाप आजारी होता त्याचं वाटतं, मॅडम. दोन दिवस उशिरा गेलो त्याचं नाय."

"बघा," मॅडम साहेबांकडं वळल्या, "नो रिमॉर्स."

मग साहेबांनी चष्मा काढला. कंपनीत माणसाला काढताना ते असाच चष्मा काढत असतील. म्हणाले, "मी फौजेच्या ग्रेड्सचा अभ्यास केला. सहा आहेत. एक्झम्प्लरी, व्हेरी गुड, गुड, फेअर, इंडिफरंट, बॅड. अल्बर्ट मागतोय 'गुड'. म्हणजे बॅडवरून एकदम तीन पायऱ्या वर. कुठल्याही ऑर्गनायझेशनमध्ये एका सायकलमध्ये तीन पायऱ्या देत नाहीत. मी स्वतः कुणाला दिल्या नाहीत. आपण प्रॅक्टिकल राहू. एक पायरी मागू. बॅडवरून इंडिफरंट."

"पुढच्या वर्षी परत रिव्ह्यू," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "इंडिफरंट म्हणजे काय हो?"

"म्हणजे... ना चांगला ना वाईट. बेफिकीर टाइप."

"म्हणजे बारा वर्षं ओळखणारी माणसं कोर्टाला लिहिणार, हा माणूस तुम्ही म्हणता तेवढा वाईट नाही, पण फार जवळ जाऊ नका."

"धुमाळ, तुम्ही इमोशनल होताय. पत्राची क्रेडिबिलिटी राहिली पाहिजे. सगळ्यांनाच गुड दिलं तर गुडला अर्थ काय राहिला?"

"सगळे कोण? एकच माणूस बसलाय समोर."

"प्रिन्सिपल, धुमाळ, प्रिन्सिपल."

अल्बर्ट खाली बघत बसला होता. म्हणाला, "इंडिफरंट पण चालेल, सर. फक्त बॅड नको. पोरगी बघेल."

खरं सांगतो, तिथं माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं नोकरी केलेला माणूस बेफिकीरपणाची भीक मागतोय आणि दोघं मान हलवतायत की बघा, रिझनेबल आहे. मी म्हटलं, तो लाल शेऱ्यांचा कागद आणा इकडं. अल्बर्टनं सोबत आणलेल्या त्या कागदाला आतापर्यंत कुणी हात लावला नव्हता. फॉर्म होता ना.

कागद इंग्रजी होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण असला कागद वाचायला इंग्रजी लागत नाही. तारखा वाचायच्या आणि सही बघायची. आठ वर्षं कोरा कागद. एक शाईचा ठिपका नाही. मग एकवीस नोव्हेंबर, नऊ डिसेंबर, सव्वीस डिसेंबर, आठ जानेवारी. चारींच्या खाली एकच सही.

"हा सहीवाला साहेब कधी आला पलटणीत?" मी अल्बर्टला विचारलं.

"नोव्हेंबरच्या पयल्या हप्त्यात, उस्ताद."

"पहिला शेरा?"

"रजेवरून दोन दिवस लेट. बाप हॉस्पिटलात होता. तार केलेली."

"दुसरा?"

"साहेबाच्या कुत्र्याला आंघोळ घालायला नाय म्हटलं. हुकूम मोडला लिवलं."

"तिसरा नाताळचा. न विचारता चर्चला गेलास, असं लिहिलं असेल."

"विचारलं होतं. सुभेदार साहेब हो म्हणाले. नंतर म्हणाले, मी असं बोललोच नाय."

"आणि चौथा?"

आता तो लाजला. "त्या नोव्हेंबरच्याच रजेत भावाच्या लग्नात सरकारी बिगुल वाजवला. फोटो निघाला. साहेबाला जानेवारीत दिसला."

मी कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, "साहेब, तुमच्या कंपनीत आठ वर्षं चांगलं काम करणारा माणूस नवीन मॅनेजर आल्यावर सात आठवड्यांत चारदा बिघडला, तर तुम्ही कुणाचं अप्रेझल कराल?"

हेमचंद्र साहेबांनी कागद जवळ ओढला. मग चष्मा घातला. "इंटरेस्टिंग. पण धिस इज बियॉन्ड आवर स्कोप. आपण जजमेंट द्यायला बसलो नाही."

"एक पायरी देताना बसला होतात की."

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. एक पायरी मंजूर. माझा विरोध मिनिट्समध्ये नोंदवतो म्हणाले, आणि सामोसे आहेत, खाऊन जा. विभावरी मॅडमनी पत्र मोबाइलवर तिथंच टाइप केलं, छान छापून दिलं, मंडळाच्या लोगोसकट. अल्बर्टनं दोन्ही हातांनी घेतलं आणि थँक्यू म्हणाला.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "हे पाठवलंस तर कोर्टात तुझीच माणसं तुझ्याविरुद्ध साक्षीदार. मी लिहितो माझं वेगळं. पेन्शनवाला हवालदार आहे, माझ्या सहीला तिकडं थोडी तरी किंमत असेल."

"इंग्रजी कोण करेल, उस्ताद? उद्या पाठवायचंय."

"तुझी पोरगी करेल."

लिफ्ट खाली येऊन उघडली, परत बंद व्हायला लागली, तरी हा आतच. मरिसा खाली होती, मंडळाची नेहमीची मीटिंग समजून बापाबरोबर आलेली, माझ्या बसमध्ये, एसी लावून बसलेली, मांडीवर लॅपटॉप. अल्बर्ट म्हणाला, "तिला सांगितलं तर हे सगळं कशासाठी केलं मी?"

"तुला 'बॅड' तिच्यापासून लपवायचाय का बदलायचाय? दोन्ही एका दिवसात होणार नाही. यल्ला, चल, ठरव."

तो बाहेर आला. बसमध्ये चढला, पुढच्या सीटवर पोरीशेजारी बसला आणि तो लाल शाईचा कागद तिच्या लॅपटॉपवर ठेवला.  तिनं वाचला. मी स्टिअरिंगकडं बघत होतो, आरशात मात्र दोघं दिसत होते.

"यू सेड यू रिझाइन्ड."

"हो."

"दॅट वॉज अ लाय, डॅड."

"हो, बेबी. तो हुकूम मोडला लिवलाय ना, तो साहेबाच्या कुत्र्याला आंघोळ घालायचा हुकूम."

"अ डॉग? दे पनिश्ड यू फॉर अ डॉग?"

"कुत्रा चांगला होता," अल्बर्ट म्हणाला. "साहेब नव्हता."

ती हसली नाही. डोळे पुसले, रागानं पुसतात तसे, आणि लॅपटॉप उघडला. "ओके. अंकल, डिक्टेट. मराठी इज फाइन."

मी सांगत गेलो, ती करत गेली. आठ वर्षं, सात आठवडे, एक सही. एका रजेचे दोन गुन्हे. इथली बारा वर्षं, गोडाऊन, गणपतीचं गेट. मग मी सांगितलं, लिही, की असे शेरे ठरवून दिले जातात. तिची बोटं थांबली.

"हाउ डू यू नो, अंकल? जज विल आस्क."

"अनुभव आहे, बेटा."

"व्हॉट अनुभव?"

पोरगी ऑफिसर होणार बघा. आरशात थेट माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, आमच्या पलटणीच्या स्वयंपाकघरात एक पोरगा होता, जहूर. कॅप्टन साहेबाच्या मनातून उतरला. आधीचा एक होताच, त्यावर एका महिन्यात तीन लाल शेरे. तिन्हीवर साक्षीदार म्हणून हवालदार धुमाळ. पाहिलं मी काहीच नव्हतं. साहेब म्हणाला सही कर, मी 'जय हिंद साहेब' म्हणालो आणि केली. पोरगा घरी गेला.

मरिसानं बोटं परत कीबोर्डवर ठेवली.

"शुड आय टाइप दॅट?"

"नको," अल्बर्ट म्हणाला. "उस्ताद, तुमच्या पेन्शनीला धक्का लागेल."

हेमचंद्र साहेब असते तर म्हणाले असते, प्रॅक्टिकल राहू. मला पण तेच म्हणावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वर एका माणसाला एकच पायरी दिली म्हणून मी तासभर भांडलो होतो, आणि त्या पोराला मी ती पण दिली नव्हती.

"टाइप कर," मी म्हटलं. "त्याचा फौजेचा नंबर पण घाल. पाठ आहे मला."

तिनं टाइप केलं, वाचून दाखवलं, स्क्रीन माझ्याकडं फिरवली. मी बोटानं सही केली. पहिल्यांदा फौजेला जाणाऱ्या कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहून सही केली. मेल गेला. मंडळाचं लोगोवालं पत्र अल्बर्टनं चार घड्या घालून खिशात ठेवलं, पाठवलं नाही.

"अँड डॅड," मरिसानं हात पुढं केला, "द बुक."

"कोर्ट बदलेल ते, बेबी. निकाल लागू दे. मग चांगलं देतो."

"नो. धिस वन. इंटरव्ह्यूमध्ये दे आस्क मी, आय'ल टेल देम."

अल्बर्टनं शर्टाची दोन बटणं सोडली. पुस्तक पोटाशी खोचलेलं होतं, घामानं कव्हर ओलं झालेलं. त्यानं ते पँटला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.